खंडेनवमीचं पिस्तूल

वैजनाथनं घरात पिस्तूल आणलं तेव्हा शिवकन्या टीपॉयच्या शेवटच्या कोपऱ्याला स्पंज चिकटवत होती. बाकीचे कोपरे सकाळीच उरकले होते. अडीच वर्षांची आर्वी ते मऊ कोपरे चावून बघत होती, म्हणजे एक धोका मिटला आणि दुसरा सुरू झाला, हे शिवकन्याच्या नुकतंच लक्षात आलं होतं. आणि तेवढ्यात हे.

"बघ काय आणलंय," वैजनाथ म्हणाला. मुदखेडला मित्राच्या वास्तुशांतीला गेलेला माणूस. परत येताना लोक लाडू आणतात. ह्यानं पिशवीतून एक जुना मफलर काढला, हळूहळू उलगडला, आणि आतून तळहातावर मावेल एवढं पिस्तूल निघालं.

शिवकन्यानं पहिलं काम केलं ते आर्वीला उचलून ओट्यावर बसवलं. दुसरं काम, तिला ओट्यावरून परत उचललं, कारण ओट्यावर सुरी होती. मग ती लेकीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिथूनच बोलली.

"अहो, ते काय आहे?"

"इतिहास आहे," वैजनाथ म्हणाला.

इतिहास असा होता: विलायतेत व्हिक्टोरिया राणी होती तेव्हा साहेब लोक असलं पिस्तूल कोटाच्या खिशात ठेवायचे. त्यातलंच एक कुण्या गोऱ्या साहेबानं मुदखेडच्या रेल्वेतल्या एका माणसाला जाताना दिलं. त्याच्या पणतवाला ट्रंकेतली जागा मोकळी करायची होती, आणि वैजनाथला गेले सहा महिने मोबाईलवर परदेशी संग्राहकांचे व्हिडिओ बघून बघून नेमकं असंच काहीतरी हवं होतं. लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला असला नाद का लागावा, हे शिवकन्याला कळत नव्हतं. दुसऱ्या बायकांचे नवरे क्रिकेट बघतात.

नक्षीकाम मात्र सुरेख होतं, हे तिनं मनातल्या मनात कबूल केलं. दोन्ही बाजूंना कोरलेली वेलबुट्टी, वेलीत एक एवढीशी चिमणी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. सोनाराच्या दुकानात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवलं असतं तर कुणी नजर उचलून पाहिलं नसतं. तेच तिला जास्त भयंकर वाटलं. माणूस मारायच्या वस्तूवर चिमणी कोण कोरतं?

"ह्याच्यात काही आहे का?" तिनं विचारलं.

वैजनाथ हसला. हे हसणं तिच्या ओळखीचं होतं. तिनं प्लगच्या भोकांना पट्ट्या लावल्या तेव्हा, रिमोटमधले सेल काढून फ्रिजवर ठेवले तेव्हा, खिडकीच्या जाळीला आणखी एक जाळी लावली तेव्हा तो असाच हसला होता. "अगं, दीडशे वर्षं झाली त्याला! असलंच काही, तर त्याचं आता पीठ झालं असेल."

"पण बघितलं का?"

"आत अंधार आहे," वैजनाथ म्हणाला, आणि विषय संपला.

आत्या, म्हणजे शिवकन्याच्या सासूबाई धुरपताबाई, देवघरातून बाहेर आल्या, चष्मा लावून वस्तू पाहिली. "काय की माय. ह्याचं काय लोणचं घालायलास?"

"आई, संग्रह करायचाय."

"कितीचा?"

"सध्या एकाचा," वैजनाथ म्हणाला.

पण सुताराकडून त्यानं काचेचं कपाट करून घेतलं ते बारा खणांचं. एका खणात लाल मखमलीवर पिस्तूल विसावलं. उरलेल्या खणांत आत्यांनी महिनाभरात आपला संसार मांडला. बीपीच्या गोळ्या, जपमाळ, दाताचा डबा, गुडघ्याचं तेल. पाहुणे आले की वैजनाथ गंभीर आवाजात सांगायचा, "हा माझा संग्रह," आणि पाहुणे दाताचा डबा बघून गोंधळून जायचे. पिस्तुलाचं तोंड बरोब्बर सोफ्याकडं होतं. शिवकन्यानं दोनदा ते भिंतीकडं वळवलं. दोनदा वैजनाथनं परत फिरवलं, कारण भिंतीकडं तोंड केलं की चिमणी दिसत नव्हती.

त्यात आणखी एक भानगड होती. पिस्तुलाला चाप दिसतच नव्हता. घोडा मागं ओढला की पोटातून तो टुपकन खाली यायचा. आर्वीनं ते एकदाच पाहिलं आणि त्या दिवसापासून घरात "टुपकन! पुन्ना!" हा एकच घोष चालू झाला. शिवकन्यानं कपाटाला कुलूप लावलं, किल्ली आपल्या मंगळसूत्रात ओवली, आणि तरी दुपारी आर्वी झोपली की ती उठून एकदा कुलूप ओढून बघायची.

मग शेजारचे अण्णाराव आले. अण्णाराव पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. त्यांचं असं मत होतं की जगातल्या सगळ्या वस्तू ह्या मूळच्या नळच असतात. त्यांनी सोफ्यावर बसून पिस्तूल मागवलं, डोळ्याला लावलं, नळीत फुंकून पाहिलं.

"सर, हवा पास होईना. चोकअप हाय."

"साफ कसं करायचं?"

"हे घोड्याखालचं बोंड हाय न्हवं? ते आट्यावर हाय. ते खोललं की मागून तार घालायची, सगळा गाळ म्होरून बाहेर. आमी हयातभर हेच केलं."

बोंड गंजून बसलं होतं. अण्णारावांनी घरून पाना आणला, पिस्तूल दोन गुडघ्यांत दाबून, नळी स्वतःच्या पोटाकडं करून जोर लावला. बोंड हललं नाही. मग रॉकेलचे थेंब सोडले. मग हातोडीनं, हलक्या हातानं, चार ठोके दिले. शिवकन्या दारातून बघत होती आणि प्रत्येक ठोक्याला आर्वीचे कान झाकत होती.

"आता एकच विलाज," अण्णाराव घाम पुसत म्हणाले. "गॅसवर धरायचं. लाल झालं की आटा आपोआप ढिला पडतो. चला मॅडम, गॅस मोकळा करा."

वैजनाथनं पकडीत पिस्तूल धरलं आणि मिरवणूक स्वयंपाकघराकडं निघाली. शिवकन्या गॅससमोर आडवी झाली.

"दूध आहे वर. आर्वीचं."

"पाच मिनिटं उतरव."

"उतरवलं की नासतं. हवा अशी आहे. आणि माझ्या गॅसवर रॉकेलचं लोखंड नको. लेकराच्या दुधाला वास लागतो."

"अगं, तू दूध बघायलीस, मी इतिहास बघायलोय!"

"दूधच बघायले मी," शिवकन्या म्हणाली, आणि झारा उचलला.

अण्णाराव हळूच म्हणाले, "सर, शिकलेल्या बाया लई फिकीर करतेत." त्या दिवशीपुरता इतिहास मागं हटला. वैजनाथ दोन दिवस फुगून बसला होता. त्याचं म्हणणं, घरात संशोधनाला वातावरण नाही.

खंडेनवमी आली. घरातली सगळी हत्यारं-अवजारं ह्या दिवशी पुजायची. आत्यांच्या माहेरी खेड्यात नांगर, पाभर, विळे मांडायचे, लातूरच्या फ्लॅटमध्ये मिक्सर, स्कूटीची किल्ली, शिवकन्याची शिलाई मशीन आणि वैजनाथचा लॅपटॉप मांडला गेला. नांदेडहून धाकटा दीर श्रीमंत आला होता. तिथं त्याचं ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान होतं आणि मोबाईलवर पुष्कळ मित्र होते. तो म्हणाला, "आवो, खरं हत्यार कपाटात आन पूजा मिक्सरची? शोभतंय का?"

झालं. शिवकन्याकडून किल्ली घेतली गेली. पिस्तूल पाटावर मधोमध आलं, त्याला हळद-कुंकू लागलं, झेंडूचं फूल लागलं. ऐनवेळी अगरबत्तीचं घर सापडेना. ते आर्वीनं कुठं टाकलं होतं ते आजही कुणाला माहीत नाही. आत्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, पिस्तूल मिक्सरच्या भांड्याला टेकवून उभं केलं आणि पेटलेली अगरबत्ती त्याच्या नळीत खोचली.

"आत्या!" शिवकन्या ओरडली.

"काय झालं? भोक हाय की."

अगरबत्ती मात्र नीट बसेना. वरचेवर टेकायची आणि कलंडायची. आत्यांनी कणकेचा चिमूट लावून ती उभी केली. शिवकन्यानं पाट उचलून आर्वीचा हात पुरणार नाही इतक्या उंच फळीवर ठेवला, आणि आपण सगळी काळजी घेतली असं तिला वाटलं.

श्रीमंतनं फोटो काढला. तेवढ्यावर थांबला असता तर तो श्रीमंत कसला! मिक्सर कापला, स्कूटीची किल्ली कापली, अगरबत्तीची काडी झेंडूच्या आड गेलीच होती. उरलं फक्त पिस्तूल आणि त्याच्या तोंडातून निघणारा निळसर धूर. खाली लिहिलं, 'भावाचा नाद करायचा न्हाई', आणि स्टेटसला ठेवून तो रात्रीच्या गाडीनं नांदेडला गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडच्या एका पोलीस ठाण्यातून फोन आला.

"वैजनाथ सर का? तुमचे भाऊ इथं बसलेले हैत. ते म्हणायलेत, हत्यार तुमचं हाय. गोळी कुणावर झाडली?"

शिवकन्यानं वैजनाथचा चेहरा पाहिला आणि तिला पहिली आठवली ती त्याची नोकरी. किती वर्षं तो विनाअनुदानित तुकडीवर फुकट शिकवत होता, ते तिनं पाहिलं होतं. पर्मनंटची ऑर्डर येऊन वर्षही झालं नव्हतं. नुसता गुन्हा नोंदला तरी संस्था घरी बसवणार, आणि घरी बसलेला वैजनाथ संग्रह वाढवणार.

"वस्तू घेऊन या," फोनवरचा आवाज म्हणाला. "आणि धूर कशाचा, त्याचा खुलासा करा."

धूर आत्यांनी लावला होता, म्हणून आत्या निघाल्या. आर्वीला ठेवणार कुणाकडं, म्हणून आर्वी निघाली. एसटीत पिस्तूल कसं न्यायचं ह्यावर वैजनाथ म्हणाला, "खिशात. ते त्यासाठीच केलेलं आहे." शिवकन्यानं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ते मुकाट तिच्या हातात दिलं. तिनं ते आर्वीच्या पिशवीत घातलं. लंगोटांच्या घडीत, खिमटाचा डबा एका बाजूला, गरम पाण्याचा थर्मास दुसऱ्या बाजूला, गच्च. लहान लेकराच्या पिशवीत कोण हात घालतं? अहमदपूरला कंडक्टरनं ती पिशवी वाटेतून उचलून वरच्या रॅकवर आदळली. शिवकन्याच्या तोंडून "हळू!" निघालं.

"अंडी हैत का?" कंडक्टरनं विचारलं.

"हाव," आत्या म्हणाल्या.

ठाण्यात श्रीमंत बाकड्यावर बसला होता. त्याचा सगळा नाद उतरला होता. फौजदार साहेब तरुण होते, मिशी नवीन होती. त्यांच्या शेजारी नरसिंग हवालदार उभे.

"धूर कशाचा?" साहेबांनी विचारलं.

"अगरबत्तीचा," वैजनाथ म्हणाला.

"पिस्तुलात अगरबत्ती?"

"आईनं खोचली."

साहेब आत्यांकडं वळले. "मावशी, पिस्तुलात अगरबत्ती कामून लावली?"

"मंग कुठं लावू? तिचं घर सापडंना. लॅपटॉपात लावू का?"

नरसिंग हवालदारांनी तोंडावर हात धरला. साहेबांनी पिस्तूल उचललं, फिरवून फिरवून पाहिलं, चिमणीवरून बोट फिरवलं. त्यांनाही ते आवडलं होतं, हे शिवकन्यानं ओळखलं, आणि तिला आणखीच भीती वाटली. "नरसिंग, उभा ऱ्हा जरा," म्हणून त्यांनी ते हवालदाराच्या छातीवर रोखलं, घोडा ओढला, चाप टुपकन खाली आला. "पुन्ना!" आर्वी ओरडली. साहेब पुन्हा करणार होते, पण शिवकन्या जोरात खोकली.

"हे बघा सर," साहेब म्हणाले. "माझ्या लेखी दोनच गोष्टी. निकामी असलं तर ही शोभेची वस्तू. घेऊन जा, भावाला चार शिव्या द्या, विषय संपला. चालू असलं तर हत्यार. मग तुम्ही आत, ते आत, आणि कॉलेजला आमचं पत्र."

"निकामीच आहे, साहेब! दीडशे वर्षं..."

"ते तुम्ही म्हणायलात. धूर मला दिसायलाय. असं करा, अगरबत्ती लावून दाखवा. फोटोतल्यासारखाच धूर निघाला तर मी मानतो."

ठाण्यातल्या देवाच्या फोटोपुढचा पुडा आला. नरसिंगनं एक काडी पेटवली. आत्या पदर खोचून पुढं झाल्या, कारण हे त्यांचं काम होतं. काडी नळीत घातली. ती टेकली आणि कलंडली. परत घातली, परत कलंडली.

"तवाबी असंच करत व्हती," आत्या म्हणाल्या. "कणीक हाय का तुमच्याकडं?"

"ठाण्यात कणीक कुठली, मावशी? दाबा की आत. जोरात दाबा."

शिवकन्या बघत होती. बघणं हेच तिचं काम होतं. अडीच वर्षं तिनं दुसरं काही केलंच नव्हतं. आणि एकाएकी तिला आर्वीचा सिपर आठवला. त्याच्या नळीत ती रोज बारीक ब्रश घालत होती. ब्रश मध्येच अडला की समजायचं, आत जुनं दूध साकळलंय. नळी जेवढी बाहेरून, तेवढीच आतून असायला पाहिजे. ह्यात शिक्षणाचा काही संबंध नाही, आईपणाचा आहे.

"थांबा!"

आर्वी प्लगकडं निघाली की हा आवाज यायचा. सगळे थांबले. साहेबांनी तर हात थोडे वर केले होते. शिवकन्यानं आर्वीला वैजनाथच्या कडेवर दिलं, अगरबत्ती उपसून नरसिंगच्या हातात दिली, पिशवीतून ब्रश काढला, नळीत घातला. अडला. तोंडाशी नख धरलं, ब्रश बाहेर काढला, नळीशेजारी आडवा ठेवला. नळी चार बोटं होती. ब्रश दोन बोटंच आत गेला होता.

"साहेब, बाहेरून एवढी, आतून एवढीच. मधलं कुठं गेलं?"

"गंज असेल," फिजिक्सचा अध्यापक म्हणाला.

शिवकन्यानं ब्रश परत घातला आणि साकळलेल्या दुधाला देतात तसा पीळ दिला. ब्रशच्या केसांत अडकून एक काळी, कुजकी चिंधी बाहेर आली.

"साहेब," नरसिंग हवालदार सावकाश म्हणाले, "आमच्या गावाकडं डुकरं हाकायला ठासणीची बंदूक असायची. आधी दारू घालायची, मग गोळी, आन गोळी पडू नये म्हून वरून एक चिंधी..." हे सांगत सांगत ते मागं मागं सरकत होते. 'चिंधी' हा शब्द व्हरांड्यातून ऐकू आला.

पुढचं फार झटपट झालं. साहेब टोपी टेबलावर ठेवूनच निघाले. वैजनाथ आर्वीला छातीशी धरून असा धावला, की ह्या माणसाला धावता येतं हे शिवकन्याला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. ती त्याच्यामागं. श्रीमंत सगळ्यांच्या आधी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पोचला होता. त्याला पळून गेला म्हणावं, तर सगळं ठाणंच पळालं होतं. नरसिंगच्या हातात पेटलेली अगरबत्ती तशीच होती आणि ती कुठं टाकावी हे कुणालाच सुचत नव्हतं.

मग शिवकन्यानं माणसं मोजली. एक कमी होतं. "आत्या!"

आत्या आतच होत्या. खिडकीतून दिसत होत्या, टेबलाशेजारी, शांत.

"आत्या, बाहेर या! भरलेलं आहे ते!"

"गुडघे धरलेत माय, पळू कशी? आन पुजलेल्या वस्तूला भ्यायचं कशाला?" आत्यांनी पिस्तूल दोन्ही हातांत घेतलं. साहेब खिडकीबाहेर मटकन खाली बसले. कोपऱ्यात कुंडीतल्या झाडांसाठी भरून ठेवलेली बादली होती. "पुजलेलं हाय, पाण्यातच जातंय," असं म्हणून आत्यांनी ते हलकेच बादलीत सोडलं आणि सवयीनं हात जोडले.

बुडबुडे आले. पुष्कळ वेळ येत होते.

मग जाड कपडे घातलेली माणसं आली, बादलीसकट सगळं घेऊन गेली, आणि संध्याकाळी बोराच्या बीएवढी एक शिशाची गोळी कागदावर ठेवून साहेबांना दाखवून गेली. साहेब त्या गोळीकडं बघत राहिले. नरसिंग हवालदार आपल्या छातीकडं बघत राहिले.

"निकामी होतं म्हणून लिहू का, साहेब?" नरसिंगनं विचारलं.

चालू होतं असं लिहायचं, तर ते तुझ्यावर कुणी रोखलं हेही लिहावं लागेल, असं साहेब बोलले नाहीत. पण मिशी बोलली. "तपासणीच्या वेळी वस्तू पाण्यात होती," ते म्हणाले. "पाण्यातली दारू निकामीच असते. लिही, निकामी." मग वैजनाथला, "सर, ही वस्तू संग्रहालयाकडं पाठवू का?" वैजनाथनं वाक्य संपायच्या आत होकाराची मान हलवली.

परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला. लोहा मागं पडलं तेव्हा म्हणाला, "सोफा." शिवकन्यानं मान हलवली. अहमदपूर आलं तेव्हा म्हणाला, "हातोडी." तिनं परत मान हलवली. चाकूरजवळ त्याचा चेहरा पांढरा पडला. तो तिच्याकडं वळला आणि म्हणाला, "गॅस."

"दूध होतं वर," शिवकन्या म्हणाली.

तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत, जाताना पिस्तुलाला चिकटून आलेला, थर्मास होता. सकाळचं पाणी अजून कोमट होतं. थर्मासबद्दल तिनं त्याला त्या दिवशीही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

अण्णारावांना कळलं तेव्हा ते सोफ्यावर बसले होते. आधी म्हणाले, "मी म्हणलोच व्हतो, चोकअप हाय." मग हळूच आपल्या पोटाकडं पाहिलं, उठले, आणि कपाट रिकामं असूनही दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. अजून तिथंच बसतात.

औंदा खंडेनवमीला पाटावर मिक्सर होता, किल्ली होती, शिलाई मशीन होती. आत्यांनी सगळ्यांना हळद-कुंकू लावलं आणि मग सिपरचा ब्रश मागून घेऊन त्यालाही लावलं. श्रीमंतनं ह्या वेळी फोटो काढला नाही. अगरबत्तीला चार नवीकोरी पितळी घरं होती, प्रत्येक शेजाऱ्यानं एकेक आणून दिलेलं. आत्यांनी त्यातलं एक उचललं, काडी पेटवली, खोचायला गेल्या आणि थबकल्या.

वैजनाथनं ते घर त्यांच्या हातातून घेतलं, शिवकन्यापुढं धरलं.

"बघ गं," तो म्हणाला. "ह्याच्यात काही आहे का?"